निकाल आणि निर्णय



आजचा विषय कळल्यावर संयोजकांनी मला दोनदा फोन केला. ‘सर, फुटबॉलच ना?’ म्हटलं, हो, फुटबॉलच. आणि तोही आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अमेरिकेतला, लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा. त्यातही शाळकरी मुलांचा. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत त्याचं काय काम, असं तुम्हालाही वाटत असेल. थोडा धीर धरा.

गेल्या ऑक्टोबरात मी मुलीकडे टेक्ससला होतो. नातू शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. तिकडे शुक्रवारी रात्री शाळेचा सामना म्हणजे आपल्याकडच्या जत्रेसारखं असतं. आजी-आजोबा, शेजारी, शाळा सोडून वीस वर्षं झालेली माणसं, सगळी मैदानावर. मीही गेलो.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी दोन वाक्यांत सांगतो. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. गेला तर पुन्हा नवे चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्याकडे जातो. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन, त्याचे सहा गुण. मग लाथेने चेंडू खांबांमधून मारला की आणखी एक. आजच्यापुरतं एवढं पुरे.

त्या रात्री नातवाची शाळा चार गुणांनी मागे होती. शेवटचं मिनिट, चौथा प्रयत्न, दोन यार्ड हवे होते. मुलगा चेंडू घेऊन घुसला आणि त्याच्या अंगावर आठ-दहा पोरं पडली. ढिगारा उपसून पंचाने चेंडू जमिनीवर ठेवला. मग दोन माणसं दहा यार्डांची साखळी घेऊन आली, ताणून मोजलं. चार बोटं कमी. संपलं!

यातली गंमत बघा. साखळी अगदी काटेकोर, चार बोटांचा हिशोब करणारी. पण चेंडू कुठे ठेवायचा ते पंचाने ढिगाऱ्याकडे बघून अंदाजाने ठरवलेलं. अंदाजावर उभी केलेली अचूकता. आपल्या आयुष्यातल्या पुष्कळ अचूक गोष्टी अशाच असतात, पण तो आजचा विषय नाही.

घरी जाताना गाडीत वाद सुरू झाला. जावई म्हणाला, ‘त्याचा गुडघा टेकला तेव्हा चेंडू पुढे होता, मी स्वतः पाहिलं.’ बरोबर आलेले शेजारी म्हणाले, ‘पण ढकलत नेलेलं मोजायचं की नाही, नियम काय आहे?’ मुलगी म्हणाली, ‘आता काय उपयोग? फलकावर जे आहे ते आहे.’ शेजाऱ्यांचा मुलगा म्हणाला, ‘काही असो, खेळ आपलाच चांगला झाला.’ घर येईपर्यंत कोणी कोणाचं ऐकलं नाही. उतरताना नातवाने मला विचारलं, ‘आजोबा, खरं तर आपणच जिंकलो ना?’

मी प्राध्यापकी थाटात म्हणालो, ‘बाळा, पंचांचा निर्णय अंतिम असतो.’ तो काही बोलला नाही, ट्रम्पेटची पेटी उचलून आत गेला. मला तेव्हाच जाणवलं, की त्याने एक विचारलं आणि मी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलाला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

आधी गाडीतला वाद सोडवून बघू. चौघं भांडत होते, पण खरं म्हणजे ते भांडतच नव्हते. चौघांचे प्रश्न चार होते. जावयाचा प्रश्न वस्तुस्थितीचा: काय घडलं? शेजाऱ्यांचा नियमाचा: जे घडलं त्याला नियम काय म्हणतो? मुलीचा प्रश्न अधिकाराचा: ठरवायचं कोणी आणि त्याने काय ठरवलं? आणि त्या मुलाचा लायकीचा: जिंकायला पात्र कोण होतं? या चारही प्रश्नांची उत्तरं एकाच वेळी वेगवेगळी असू शकतात. ‘आपण जिंकलो’ हे वाक्य एका अर्थाने खोटं आणि दुसऱ्या अर्थाने खरं असू शकतं. प्रेक्षकांचे वाद वर्षानुवर्षं चालतात ते बहुधा यामुळेच. एकाने दिलेलं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला लागूच होत नाही.

आपल्या न्यायदर्शनात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावं म्हणून करतात तो वाद. जिंकावं म्हणून करतात तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता फक्त समोरच्याचं मोडत बसणं म्हणजे वितंडा. आपला ‘वितंडवाद’ त्यातूनच आला. सामन्यानंतरची चर्चा बहुतेक वेळा जल्प असते. मैदानावर हरलेला सामना गाडीत जिंकायचा असतो.

पण एवढ्यावर प्रेक्षकांना निकालात काढू नका. पहिलाच प्रश्न, ‘काय घडलं’, दिसतो तितका सोपा नाही. याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे, शाळेचं नव्हे, महाविद्यालयांचं. २४ नोव्हेंबर १९५१ रोजी प्रिन्स्टन आणि डार्टमथ या विद्यापीठांचा सामना झाला. फार आडदांडपणे खेळला गेला. प्रिन्स्टनचा नामवंत खेळाडू डिक काझमायर नाक मोडून बाहेर गेला, नंतर डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. प्रिन्स्टन १३-० असं जिंकलं. निकालाबद्दल वाद नव्हता, वाद होता घाणेरडं कोण खेळलं याबद्दल, आणि तो दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रांत आठवडेच्या आठवडे चालला.

अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी, एक डार्टमथचा आणि एक प्रिन्स्टनचा, दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सामन्याची तीच फिल्म दाखवली आणि दिसतील ते नियमभंग टिपायला सांगितलं. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथच्या संघाचे सरासरी ९.८ नियमभंग दिसले. डार्टमथच्या मुलांना आपल्याच संघाचे दिसले ४.३. फिल्म तीच, डोळे तसेच, आकडा निम्म्याहूनही कमी! हा अभ्यास १९५४ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक किस्सा आहे. डार्टमथच्या दूरच्या एका माजी विद्यार्थ्याकडे ती फिल्म पाठवली होती. त्याने ती पाहिली आणि तार केली, की महत्त्वाचा भाग कापलेला दिसतो, राहिलेला तुकडा विमानाने पाठवा. कापलेलं काहीच नव्हतं. ज्या दांडगाईबद्दल त्याने एवढं ऐकलं होतं, ती त्याला फिल्ममध्ये दिसलीच नव्हती.

हे लोक खोटं बोलत नव्हते, हे लक्षात घ्या. जावई ‘मी स्वतः पाहिलं’ म्हणाला तेव्हा तोही खोटं बोलत नव्हता. आपण आधी बाजू घेतो आणि मग पाहतो. म्हणून तर पंच लागतो. पंचाचे डोळे आपल्यापेक्षा तीक्ष्ण असतात असं नाही. त्याची बाजू नसते, एवढीच त्याची पात्रता.

आता समजा, काय घडलं याबद्दल वादच नाही. नियमाबद्दलही नाही. चूक झाली हे पंचांच्या वरिष्ठांनाच मान्य आहे. मग? असं एक प्रकरण खरोखरच घडलं आणि ते शाळकरी मुलांचंच आहे.

ओक्लाहोमा राज्य, नोव्हेंबर २०१४. राज्य स्पर्धेचा उपांत्यपूर्व सामना. एका बाजूला ओक्लाहोमा सिटीची फ्रेडरिक डग्लस हायस्कूल, दुसऱ्या बाजूला लोकस्ट ग्रोव्ह या लहानशा गावाची शाळा. लोकस्ट ग्रोव्ह २०-१९ असं पुढे. एक मिनिट चार सेकंद शिल्लक असताना डग्लसने ५८ यार्डांची चाल करून टचडाउन केला. म्हणजे २५-२०. मुलं नाचायला लागली. पण त्या धावेबरोबर डग्लसच्या बाजूचा एक प्रशिक्षक मैदानाच्या कडेने पळत सुटला होता, तो पंचाच्या वाटेत आला आणि पंचाला धक्का लागला. पंचाने पिवळा रुमाल टाकला. इथपर्यंत ठीक. प्रशिक्षकाने त्या वाटेत यायचं नसतं, तो नियमभंगच आहे. पण त्याची शिक्षा पाच यार्डांची, आणि ती टचडाउननंतरच्या पुढच्या चालीवर लावायची असते. पंचांनी ती लावली टचडाउनलाच. टचडाउन रद्द केला. सामना २०-१९ असाच संपला आणि डग्लसची मुलं स्पर्धेबाहेर गेली.

राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने चूक मान्य केली, माफीही मागितली. पण फेरसामना द्यायला नकार दिला. शाळा ज्यांच्या अखत्यारीत होती ते ओक्लाहोमा सिटीचं शाळा मंडळ न्यायालयात गेलं. मागणी अशी, की शेवटची ६४ सेकंदं पुन्हा खेळवा, नाही तर पूर्ण सामना. न्यायालयाने उपांत्य सामना काही दिवस थांबवला. ११ डिसेंबरला न्यायाधीशांनी मागणी फेटाळली. चूक झालीच नाही, असं ते म्हणाले नाहीत. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की मैदानावरचे तंटे न्यायालयात सोडवायला लागलो तर उद्या न्यायाधीशच झगा घालून पंचगिरी करत बसतील.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. १९८१ साली जॉर्जिया राज्यात असंच झालं होतं. ऑस्बोर्न हायस्कूल ७-६ अशी पुढे असताना पंचांनी एका नियमभंगाची शिक्षा अर्धवट दिली. यार्ड दिले, पण नियमाप्रमाणे मिळायला हवे होते ते नवे चार प्रयत्न दिले नाहीत. चेंडू समोरच्यांकडे गेला आणि ऑस्बोर्न हरली. खालच्या न्यायालयाने सामना त्या क्षणापासून पुढे खेळवायला सांगितलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. फुटबॉलच्या पंचाचा निर्णय हा न्यायालयाने तपासायचा विषयच नाही, असं त्यांनी सांगितलं.

तुम्ही म्हणाल, हा कसला न्याय? चूक कबूल, तरी निकाल कायम! सहा गुण त्या मुलांचे होते, ते त्यांना देऊन टाका की.

थोडं सावकाश घेऊ. पहिली गोष्ट, ‘टचडाउन दिला असता तर डग्लस जिंकले असते’ हे आपल्याला माहीत नाही. ६४ सेकंद उरले होते. चेंडू लोकस्ट ग्रोव्हकडे गेला असता. त्यांनी कदाचित काही केलं असतं, कदाचित नसतं. डग्लसकडून विजय हिरावला गेला असं काटेकोरपणे म्हणता येत नाही. हिरावली गेली ती आघाडी, आणि तिच्याबरोबर जिंकण्याची मोठी शक्यता. दुसरी गोष्ट, ती ६४ सेकंदं पुन्हा आणायची कुठून? दोन आठवड्यांनी त्याच मैदानावर तीच मुलं उभी केली तरी पाय ताजे, हवा वेगळी, आणि दोन्ही प्रशिक्षकांनी त्या एका मिनिटाचा पंधरा दिवस अभ्यास केलेला. तो तोच सामना राहत नाही. आणि तिसरी गोष्ट, त्या सामन्यात तेवढी एकच चूक झाली असेल का? पहिल्या भागातली एखादी चूक लोकस्ट ग्रोव्हच्या विरुद्ध गेली नसेल कशावरून? शेवटच्या मिनिटातली चूक आपल्याला दिसते, कारण तिच्यानंतर सावरायला वेळ उरत नाही. पहिल्या मिनिटातली चूक तेवढ्याच गुणांची असते, पण तिच्यासाठी कोणी न्यायालयात जात नाही.

हे सगळं खरं. तरीही मन स्वस्थ होत नाही, आणि होऊही नये. इथे मला एच. एल. ए. हार्ट या इंग्रज विचारवंताची मदत घ्यायची आहे. कायदा म्हणजे काय, यावरचं त्यांचं ‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’ हे पुस्तक १९६१ साली आलं. त्यात हार्ट खेळाचं उदाहरण घेतात. समजा, एक खेळ आहे आणि खेळाडू आपापले गुण आपणच मोजतात. भांडणं होतात, म्हणून एक अधिकृत गुणलेखक नेमला. तो म्हणेल ते अंतिम. आता गुण मिळवण्याचा नियम बदलला का? नाही. नियम तोच आहे आणि गुणलेखकालाही तो पाळायचाच आहे. फक्त, त्याने चुकीचा लावला तरी त्याचं म्हणणं टिकेल. यावरून कोणी असं म्हणायला लागलं की ‘गुणलेखक म्हणेल तोच गुण, दुसरा नियमच नाही’, तर तो वेगळाच खेळ झाला. हार्ट त्याला ‘गुणलेखकाची मर्जी’ म्हणतात. त्या खेळात पंच कधी चुकूच शकत नाही, आणि जिथे चुकणं शक्य नाही तिथे बरोबर असण्यालाही काही अर्थ उरत नाही.

म्हणजे अंतिम असणं वेगळं आणि अचूक असणं वेगळं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी १९५३ साली आपल्याच न्यायालयाबद्दल याच आशयाचं लिहून ठेवलं आहे: आम्ही चुकत नाही म्हणून आमचा शब्द शेवटचा असतो असं नाही, आमच्यापुढे दाद मागायला जागा नाही, म्हणून आम्ही चुकत नाही असं दिसतं.

मराठीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत, पण आपण त्यांची सरमिसळ करतो. निकाल आणि निर्णय. न्यायदर्शनात ‘निर्णय’ हा सोळा पदार्थांपैकी एक आहे. संशय आला, दोन्ही बाजू तोलल्या आणि वस्तू खरी कशी आहे ते निश्चित केलं, की त्याला म्हणायचं निर्णय. त्याचा संबंध सत्याशी. निकाल म्हणजे प्रश्न मिटवणं. आपण ‘निकाल लावतो’, गोष्ट ‘निकालात काढतो’. त्याचा संबंध पुढे जाण्याशी. समाजाला दोन्ही लागतात. उपांत्य सामना कधीतरी व्हायला हवा, दुसऱ्या गावची मुलं ताटकळत बसली आहेत. म्हणून निकाल हवा. पण निकाल लागला म्हणजे निर्णय झाला असं नाही. आणि पत्रकावर आपण छापतो काय? ‘पंचांचा निर्णय अंतिम राहील.’ छापायला हवं, ‘पंचांचा निकाल अंतिम राहील.’ निर्णयाची चर्चा उघडीच असते, दहा वर्षांनीसुद्धा.

म्हणूनच प्रेक्षकांचा वाद मला फालतू वाटत नाही. जल्पाचा भाग सोडला, तर त्यात एक आग्रह असतो: निकाल तुमचा, पण खरं काय ते आम्ही बोलत राहणार. खेळ ‘गुणलेखकाची मर्जी’ होऊ नये याची राखण हेच लोक करत असतात.

इथे एक प्रश्न उरतो. पंचाचे हात बांधलेले, न्यायालय दार लावून बसलेलं. मग चूक दुरुस्त करू शकेल असं कोणी उरतं का? उरतं. जिंकलेला.

१६ नोव्हेंबर १९४०. कॉर्नेल विरुद्ध डार्टमथ, पुन्हा महाविद्यालयांचा सामना. कॉर्नेलचा संघ दीर्घकाळ अपराजित होता. डार्टमथ ३-० असं पुढे. शेवटच्या काही सेकंदांत कॉर्नेलने टचडाउन केला आणि ७-३ असं जिंकलं. नंतर फिल्म पाहिल्यावर कळलं, की पंचांची मोजणी चुकली होती. कॉर्नेलला चाराऐवजी पाच प्रयत्न मिळाले होते आणि टचडाउन पाचव्यात झाला होता. पंचाने चूक कबूल केली, पण सामना संपल्यावर निकाल बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. कॉर्नेलने डार्टमथला तार केली, विजय तुमचा. डार्टमथने तो स्वीकारला. आजही त्या सामन्याची नोंद ३-० अशीच आहे.

जवळपास ५० वर्षांनी, ६ ऑक्टोबर १९९० रोजी, हेच कोलोराडो आणि मिझुरी यांच्यात घडलं. कोलोराडोला चुकून पाचवा प्रयत्न मिळाला, त्यात टचडाउन झाला आणि ते ३३-३१ असे जिंकले. त्यांनी विजय ठेवला. त्या वर्षीच्या राष्ट्रीय अजिंक्यपदातही त्यांना वाटा मिळाला. नियमाने त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पण लोक आजही तो सामना आठवतात तो पाचव्या प्रयत्नासाठी.

यावरून मी लोकस्ट ग्रोव्हच्या मुलांना बोल लावणार नाही. कॉर्नेलला मिळालेला प्रयत्नच नियमाबाहेरचा होता आणि त्यावर सामना संपला होता, तिथे परत काय करायचं ते स्पष्ट होतं. ओक्लाहोमात ६४ सेकंद बाकी होते आणि त्यांत काय झालं असतं हे कोणालाच माहीत नव्हतं. सतरा वर्षांच्या मुलांनी न केलेल्या चुकीचं ओझं त्यांच्या डोक्यावर का द्यावं? माझा मुद्दा एवढाच, की अंतिमता संस्थेला बांधते. माणसाच्या सदसद्विवेकाला ती बांधत नाही.

आता थोडं स्वतःबद्दल सांगतो. चाळीसेक वर्षांपूर्वी मी एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक होतो. निकाल जाहीर झाला. दुसरी आलेली मुलगी, असेल नववी-दहावीतली, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ‘सर, मला कुठे कमी पडले ते सांगाल का?’ मला गाडी गाठायची होती. मी पत्रकाकडे बोट दाखवून म्हटलं, ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम.’ रात्री घरी कागद चाळताना लक्षात आलं, की तिच्या गुणांची बेरीज मी चुकवली होती. तीन गुणांनी. ती पहिली होती.

मी काय केलं? काही नाही. ढाल दिली गेली होती, बक्षीस समारंभ झाला होता. आता बोलून कोणाचं भलं होणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. ही सगळी कारणं निकाल न बदलण्याची होती. तिला खरं न सांगण्याचं त्यांत एकही नव्हतं. एक पोस्टकार्ड लागलं असतं. ‘मुली, बेरीज माझी चुकली. ढाल परत आणता येणार नाही, पण तू पहिली होतीस.’ ओक्लाहोमाच्या संघटनेवर लोक चिडले, ते मला समजतं. पण तिने चूक चारचौघांत कबूल केली. मी तेवढंही केलं नाही. निकालाच्या आडोशाला मी निर्णय लपवला. ती बाई आज पन्नाशीच्या पुढे असेल. आपल्याला कुठे कमी पडले, याचा विचार तिने किती दिवस केला असेल कोण जाणे.

म्हणून नातवाला द्यायचं उत्तर मी आता असं देईन. ‘बाळा, सामना आपण हरलो, फलकावर तसं आहे आणि तसंच राहील. चेंडू खरा कुठे होता हे त्या ढिगाऱ्यात कोणालाच दिसलं नाही, मला नाही, तुझ्या बाबांना नाही, बहुधा पंचालाही नाही. तू त्याबद्दल जरूर बोल. फक्त बोलण्याआधी स्वतःला एक विचार: हाच चेंडू आणि हाच ढिगारा, पण पळणारा मुलगा त्यांचा असता, तर मला काय दिसलं असतं?’ या प्रश्नाचं उत्तर जो प्रामाणिकपणे देतो त्याचा जल्प सुटतो आणि वाद सुरू होतो.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

श्रोता: सर, आता सगळीकडे कॅमेरे आहेत. मग हा प्रश्न मुळातच संपत नाही का?

कमी होतो, संपत नाही. आपलं क्रिकेट घ्या. चेंडूचा मार्ग काढणारं यंत्र आलं, तरी ‘अम्पायर्स कॉल’ ठेवावाच लागला. चेंडू यष्टीला जेमतेम लागतोय असं दिसलं, तर मैदानावरच्या पंचाने जे दिलं असेल तेच कायम. म्हणजे यंत्रानेही कबूल केलं, की एका मर्यादेच्या आत मला खात्री नाही. आणि ओक्लाहोमाचा प्रकार आठवा. तिथे दिसण्यात चूक झालीच नव्हती. नियम लावण्यात झाली होती. कॅमेरा नियम लावत नाही.

श्रोता: पण हरलेल्यांना वाटलं की पंच मुद्दामच वागले, तर त्यांना ‘निकाल अंतिम’ सांगून कसं चालेल?

चांगला प्रश्न आहे. फ्रेडरिक डग्लस हे गुलामगिरीतून सुटून तिच्याविरुद्ध लढलेले कृष्णवर्णीय नेते. त्यांच्या नावाची ती शाळा, ओक्लाहोमा सिटीतली कृष्णवर्णीयांची जुनी शाळा आहे. पंचांनी मुद्दाम केलं असं म्हणायला मला आधार दिसत नाही, आणि आधाराशिवाय मी ते म्हणणार नाही. पण ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ‘ठरलं ते ठरलं’ असं ऐकवलं गेलं, त्याच्या कानाला हे वाक्य वेगळं ऐकू येतं, हे विसरून चालणार नाही. अंतिमता चालते ती विश्वासावर, आणि विश्वास टिकतो चूक झाल्यावर तुम्ही कसे वागता त्यावर. निकाल देणाऱ्याने निदान निर्णय तरी मोकळेपणाने सांगावा. निकाल कायम ठेवायचा आणि वर चूकही नाकारायची, असं झालं की लोक खेळावरचाच विश्वास काढून घेतात. मग ते फक्त फुटबॉलपुरतं राहत नाही.

वेळ संपली.